असाई घरी आणायची तर गोठवलेला गर की पावडर?

गेली चार वर्षं आमच्या न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात असाई हे ब्राझीलचं जांभळं फळ आहे. (उच्चार ‘असाई’, शेवटच्या ‘ई’वर जोर देऊन, ‘अकाई’ नव्हे.) दुकानात ती दोन रूपांत मिळते. फ्रीझरमध्ये गोठवलेल्या गराची १०० ग्रॅमची चपटी पाकिटं असतात, आणि सुक्या मालाच्या फळीवर पावडर. पहिली दोन वर्षं मी पावडरच वापरली, नंतर गराकडे वळलो. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतच असतं, म्हणून दोन्हींबद्दल एकदा सविस्तर लिहितो.

कुठलंही रूप घ्या, गोड फळाची अपेक्षा ठेवू नका. असाई हे ताडाच्या जातीच्या झाडाचं करवंदाएवढं फळ. बहुतेक सगळी बी, आणि तिच्यावर गराचा पातळसा थर. चव मातकट, किंचित तुरट, आणि मागून तेलाचा गुळगुळीतपणा. ब्राझीलच्या पारा राज्यात, बेलेंसारख्या शहरात, हा गर तळलेल्या माशाबरोबर किंवा खारवून सुकवलेल्या कोळंबीबरोबर जेवणातच घेतात, वर कसाव्याचं (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचं) पीठ किंवा फुलवलेला टॅपिओका घालून. तिथे पाण्याच्या प्रमाणावरून गराचे पातळ, मध्यम आणि दाट असे प्रकारही विकतात. केळं, ग्रॅनोला आणि ग्वाराना या ब्राझीलमधल्याच फळाचं सरबत घातलेला गोड वाडगा पुढे दक्षिणेकडे, रिओ-साओ पावलोकडे रुळला, आणि बाहेरच्या जगाला तोच माहीत झाला.

मला हे ऑफिसातल्या बेलेंच्या एका मैत्रिणीकडून कळलं. त्यानंतर आम्ही एका रविवारी सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांबरोबर बिनसाखरेचा गर वाटीत घेतला, चिमूटभर मीठ घातलं आणि फुलवलेल्या टॅपिओकाच्या जागी चुरमुरे टाकले. टॅपिओका आणि आपला साबुदाणा दोन्ही कसाव्याचेच, पण तिथला दाणा फुलवलेला आणि अगदी हलका असतो, म्हणून चुरमुरेच जवळचे वाटले. पहिले दोन घास मुलीने नाक मुरडलं. तिसऱ्या घासाला तिने माशाचा तुकडा वाटीत बुडवला. तळणीच्या खरपूसपणाला हा थंड, तुरट गर असा काही धरून राहतो की आता आमच्याकडे हा ठरलेला बेत आहे. हाच प्रयोग मी आधी पावडर पाण्यात कालवून केला होता. तो जमला नव्हता.

पावडरीची बाजूही मांडायला हवी. जिथे पाणी नको तिथे तीच कामाची. चक्क्यात गर घातला तर श्रीखंड सैल पडतं. पावडर दोन चमचे घातली तर घट्टपणा राहतो आणि रंग सुंदर जांभळा येतो. खजुराच्या लाडवांतही ती छान मुरते. फ्रीझर लहान असेल, घरात एकच माणूस खाणारं असेल किंवा भारतात न्यायची असेल, तर गोठवलेली पाकिटं सांभाळणं कठीणच आहे, हे मान्य.

मग मी वळलो कशामुळे? खवटपणामुळे. असाईत तेल बरंच असतं. सुकवताना पाणी जातं, तेल राहतं, आणि त्या बारीक भुकटीच्या कणाकणाला हवा लागते. जवसाची पूड किंवा किसून ठेवलेलं सुकं खोबरं उघडं राहिलं की जे होतं तेच इथेही. माझं पाकीट उघडल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात तो वास यायला लागायचा. दमट ऑगस्टमध्ये आधीच, वर गुठळ्या. सुरुवातीला मला वाटलं, असाईची चवच अशी असेल. वर्षभर मी ती खवट चव केळ्याने आणि मधाने झाकत राहिलो. पहिल्यांदा गराचं पाकीट फोडलं तेव्हा कळलं की आपण मूळ चव घेतलीच नव्हती. दुसरं, पावडर कितीही फेटली तरी जिभेवर बारीक खरखर राहते. तुम्हाला ती कदाचित जाणवणारही नाही, मला जाणवते.

गराचा त्रास आहे तो वेळेचा. पूर्ण वितळू दिला तर तो पातळ होतो आणि चोथा-पाणी वेगळं दिसायला लागतं. पुन्हा गोठवावासा वाटत नाही. मी पाकीट नळाच्या पाण्याखाली काही सेकंद धरतो, लाटण्याने बंद पाकिटावरच दोन-तीन ठोके देतो आणि तुकडे गोठवलेल्या केळ्याबरोबर मिक्सरला लावतो. दूध अगदी चमचा-दोन चमचे, भांडं फिरेल इतपतच. घेताना मागचे घटक वाचा. पुष्कळ पाकिटांत साखर आणि ग्वाराना असतो, आणि ग्वारानात कॅफीन असतं, त्यामुळे लहान मुलांसाठी मी बिनसाखरेचं, नुसत्या गराचंच घेतो. माशाबरोबर तर तेच हवं.

एक सावधगिरी दोन्हींना लागू आहे. रंग टिकवायचा तर सोडा टाळा. केकमध्ये खायचा सोडा घातला आणि माझं जांभळं पीठ राखाडी-हिरवट झालं. लिंबाचे थेंब पडले की उलट लालसर झाक येते. कोकमाच्या रंगाशी खेळलेल्यांना हे नवीन नाही. फार वेळ उकळूही नका, रंग विटतो.

पहिल्यांदाच घेत असाल आणि फ्रीझरमध्ये एका वहीएवढी जागा असेल, तर मी बिनसाखरेच्या गराचं एक पाकीट आणायला सांगेन. घरात पावडर आधीच असेल तर टाकू नका. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, बरणी फ्रीझरमध्ये ठेवा, वापरायच्या वेळी कोरड्या चमच्याने काढा आणि लगेच परत ठेवा. माझी शेवटची बरणी अशी दोन महिने वास न येता राहिली, आणि पाडव्याच्या श्रीखंडात संपली.