चाइल्ड सीटचा क्लेम: अंबडच्या कॅशलेस वर्कशॉपची सेवा

अपघातानंतर विम्यावर गाडी दुरुस्त करताना बंपर, दिवे, दार या कामांत अंबडमधलं हे कॅशलेस वर्कशॉप (जिथे विमा कंपनी परस्पर पैसे देते) चोख आहे. चाइल्ड सीटचं मात्र इस्टिमेटमध्ये नावच नसतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) यायच्या आत ती लेखी टाकून घ्या, आणि तोवर सीट गाडीतून काढू नका.

कापडी कव्हर उतरवून आतल्या थर्माकोलचे जवळून फोटो काढा. बाहेरचं प्लास्टिक धड दिसत असलं तरी केसाएवढी चीर तिथे असू शकते. पट्ट्यांवरच्या ताणाच्या खुणा, आयसोफिक्सचे (सीट गाडीला अडकवायच्या जोडणीचे) वाकलेले हूक आणि उत्पादनाच्या तारखेचं लेबलही टिपा. खरेदीचं बिल आणि अपघातानंतर सीट बदलण्याविषयीचं मॅन्युअलमधलं पान जोडा.

नकाराचं नेहमीचं कारण म्हणजे सीट गाडीचा भाग नाही, सुटं सामान आहे. अॅक्सेसरी म्हणून नोंद नसेल तर भांडायला जागा फार उरत नाही. पॉलिसीत वैयक्तिक सामानाचा अॅड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण) असेल तर त्याच्या अटी बारकाईने वाचा. झीरो डेप (घसारा न कापण्याचा अॅड-ऑन) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो.

एअरबॅग उघडली असेल तर क्लेमची वाट न बघता नवी सीट घ्या. जुनीचे पट्टे कापूनच ती भंगारात द्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बाळासाठी ती विकली जाणार नाही.