कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी: थंडी, उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावरचा अनुभव

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक चालतो. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, न लावता चालतो आणि चांगला चालतो. हे आधीच सांगतो, कारण मी टाकी घ्यायचं ठरवलं तेव्हा भेटेल तो "ती समुद्राकाठच्या लोकांची कामं, आपल्याकडं नाही जमायचं" असंच म्हणत होता. दिवाळीत टाकी भरली. थंडी गेली, मे महिना गेला, आता पावसाळाही उतरणीला लागलाय आणि मासे धडधाकट आहेत. पैसे कुठं घालायचे याबद्दलचं माझं मत मात्र एवढ्या काळात पक्कं झालंय. मासे, दिवे, सजावट नंतर. पहिला खर्च पाण्यावर.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबानं अडीचशे लिटरची, पण दगड आणि वाळू घातल्यावर पाणी दोनशे लिटरच बसतं. भरल्यावर वजन तीनशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा जागा आधी ठरवा. नंतर हलवायचा विषयच नाही.

नळाला थेट पाइपलाइनचं पाणी येतं. प्यायला उत्तम, पण टाकीला नको. त्यात क्लोरीन असतो, आणि सिलिकेट, फॉस्फेट जे काही थोडंफार असेल त्यावर शेवाळ पोसतं. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही, कारण त्यात चवीसाठी थोडा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मुद्दाम राखलेला असतो. वेगळा आरओ घेतला आणि त्याच्यापुढं उरलेसुरले क्षार शोषून घेणारं डीआय रेझिनचं भांडं जोडलं, की टीडीएस मीटरवर शून्य दिसतं. आरओतून वाया जाणारं पाणी आम्ही फरशी पुसायला आणि कुंड्यांना वापरतो.

"रत्नागिरी काय लांब आहे, कॅन भरून आणायचे की," हा सल्ला पाहुण्यांपैकी प्रत्येकानं दिला. मी आणत नाही. किनाऱ्याजवळच्या पाण्यात बोटींचं तेल, गाळ, काय काय असतं, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून खारटपणा कुठल्या कुठं उतरतो. रीफ सॉल्ट, म्हणजे खाऱ्या टाकीसाठीचं तयार मीठ, घरीच कालवलेलं बरं. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला सात किलो मीठ लागलं. ड्रममध्ये पाणी आधी, मीठ नंतर, आणि रात्रभर पंप फिरता ठेवायचा. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) दिसल्याशिवाय ते पाणी टाकीत जात नाही. आता दर पंधरवड्याला तीसेक लिटर पाणी बदलतो. त्याला किलोभर मीठ पुरतं.

यानंतरचा काळ सगळ्यात जड जातो. टाकीत कोरडे सच्छिद्र दगड, वाळू, फिरतं पाणी आणि मासा एकही नाही. आमच्या आई रोज विचारायच्या, "अरे, रिकाम्या पाण्याला लाईट कशाला जाळतोस?" पण काम तेव्हाच चाललेलं असतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विष आहे. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही साठलेलं बरं नव्हे. दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि ते त्यामानानं निरुपद्रवी. हे जीवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात, त्याला चार ते सहा आठवडे सहज जातात. मी बाटलीतले जीवाणू घातले, थोडा अमोनिया घातला आणि टेस्ट किटचे आकडे वहीत लिहीत गेलो. अमोनिया चढला आणि उतरला, मग नायट्राइट चढलं आणि उतरलं. दोन्ही शून्यावर टिकल्यावरच मासे आले. मधेच सगळ्या वाळूवर तपकिरी थर धरतो. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं, नव्या टाकीत येतंच आणि आपसूक जातं. त्यावर औषध विकत घेऊ नका.

पहिले मासे म्हणजे ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी, आणि तीही टाकीत पैदास झालेलीच मागून घेतली. ही जात बंदिस्त पाण्यात वाढते. आपल्या देशात सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) तिच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. समुद्रातून धरलेला मासा आणण्याचं काही कारणच उरत नाही. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्मतात. जोडीतला वरचढ असतो तो मादी होतो. आमच्याकडं हे डोळ्यांदेखत घडलं. आणली तेव्हा दोघं सारखीच होती. आज एक चांगली जाड झालीय, आणि ती जवळ आली की दुसरा अंग एका कुशीवर कलवून थरथरतो, म्हणजे "तूच मोठी" असं कबूल करतो. रोज संध्याकाळी दाणे टाकताना हे बघतो आणि अजून कंटाळा आलेला नाही.

मग क्लीनर श्रिंप, म्हणजे एक जातीची कोळंबी, आली. एका सकाळी ती वाळूवर मरून पडलेली दिसली: मिशा, पाय, सगळं जागच्या जागी, पण काचेसारखं आरपार. खरी श्रिंप दगडाखाली बसली होती, तिनं फक्त कात टाकली होती. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

प्रवाळ मी ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी "गुपचूप मिळवून देतो" म्हणाला तर सरळ उठून यायचं. क्लाउनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्यानं राहतो, तो सी ॲनिमोन हा फुलासारखा प्राणीही टाकीत लागत नाही. आमची जोडी पंपाशेजारच्या कोपऱ्यात खूश आहे.

प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत राहतो. तिथं वाळू-दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचं औषध तिथं घालता येत नाही, कारण त्यानं श्रिंप आणि गोगलगायी मरतात. घरच्या मुलांना निळा टँग हवा होता. तो फूटभर वाढतो. चार फुटांत त्याला कोंडणं बरोबर नाही, असं सांगितल्यावर मुलांनाही पटलं.

उन्हाळ्यात पारा 38 च्या पुढं गेला तेव्हा पाण्यावर दोन छोटे पंखे लावले आणि टाकी 28 वर राहिली. त्याची किंमत म्हणजे बाष्पीभवन. रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं, मीठ मात्र मागंच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या शून्य टीडीएसच्या पाण्याची, आणि रोज. हे जमणार नसेल तर ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, घ्या. माझ्या मते स्किमरच्या खालोखाल तीच वस्तू. स्किमर म्हणजे बारीक बुडबुड्यांवर घाण चिकटवून बाहेर काढणारं यंत्र. आठवड्याला त्याच्या कपात चहाच्या रंगाचं उग्र वासाचं पाणी साठतं. ते नाहीतर टाकीतच सडलं असतं.

पावसाळ्याची तयारी दोन गोष्टींची. एक वीज: उबदार खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, त्यामुळं पंप बंद पडून चालत नाही. वळवाच्या पावसात लाईट जायला लागली, तेव्हापासून सर्क्युलेशन पंप इन्व्हर्टरवर आहे आणि बॅटरीचा एअर पंप जवळ आहे. दुसरी साठ्याची. 2019 आणि 2021 च्या पुरात उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असून शहरातले नळ कोरडे पडले. म्हणून जूनपासून आरओचं पाणी शंभर लिटर आणि कालवण्यापुरतं मीठ कायम घरात.

सगळा खर्च पाऊण लाखाच्या घरात गेला. बजेट कमी असेल तर दिवा साधा घ्या, मासे दोनच ठेवा. आरओ-डीआय, रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट आणि बॅटरीचा पंप यांत मात्र काटकसर करू नका.