टेकोन्शा प्रॉडिजी पी३: कॅम्पर ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी ब्रेक कंट्रोलर

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ते चालवणारा कंट्रोलर पिकअपमध्ये आधीपासून नसेल, तर पी३ घ्यावा. पिकअप जितक्या जोरात थांबते, त्या प्रमाणात हा ट्रेलरच्या ब्रेकला वीज देतो, त्यामुळे मागून धक्का बसत नाही. टोइंग पॅकेज असलेल्या बहुतेक गाड्यांत डॅशखाली कंट्रोलर जोडायचं सॉकेट असतं. त्या गाडीच्या मॉडेलची वायर मात्र वेगळी घ्यावी लागते.

खरं काम गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला जास्तीत जास्त किती वीज जाईल ते, लावण्याचं. सामान भरलेला ट्रेलर जोडून, मोकळ्या सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जा आणि फक्त कंट्रोलरवरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबा. चाकं लॉक झाली तर गेन कमी करा, पकड ढिली वाटली तर वाढवा. बूस्ट, म्हणजे ब्रेक दाबताच सुरुवातीला मिळणारा जादा जोर, जड ट्रेलरसाठी असतो.

१० किंवा १२ इंची ड्रम ब्रेकमधलं प्रत्येक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर खातं, म्हणजे दोन ॲक्सलच्या चार चाकांना १२. स्क्रीनवर आकडा बराच कमी दिसला, तर कंट्रोलरला दोष देण्याआधी सात पिनी प्लगमधला गंज आणि पांढरी अर्थ वायर तपासा.

डबा जाडजूड आहे. उंच माणसाच्या गुडघ्याला लागतो.