ऑपरेशननंतर शेक: घ्यायचा की थांबायचं?

तुमच्या मामांची फुफ्फुसातली गाठ पूर्ण निघाली, पण छातीच्या मधल्या लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडला. एक हॉस्पिटल शेक (रेडिएशन) घ्या म्हणतं, दुसरं म्हणतं केमो पुरे. दोघांकडेही कारणं आहेत.

युरोपातल्या 'लंग आर्ट' चाचणीत ५०१ रुग्ण होते. तीन वर्षांनी आजाराविना जिवंत: शेक घेतलेले ४७ टक्के, न घेतलेले ४४. म्हणजे ठोस फरक नाही. छातीच्या मध्यभागी आजार उलटणं शेकाने बरंच घटलं, पण हृदय-फुफ्फुसांचा त्रास वाढला. बहुतेकांना जुन्या तंत्राचा शेक होता. डॉक्टरांची मतं फाटतात ती इथेच. शिवाय पाचेक आठवडे रोजची ये-जा.

गाठ काढलेल्या जागेच्या कडेला कॅन्सर उरला असेल तर शेक. बऱ्याच ग्रंथी बाधित, तब्येत दणकट, तर आयएमआरटी, म्हणजे नव्या, जास्त नेमक्या तंत्राच्या शेकाबद्दल विचारा. कडा स्वच्छ आणि हृदय नाजूक, तर नियमित सीटी स्कॅन.