ब्रूबेकच्या नावानं साडेसात हजार: बेळगावातली रेकॉर्डची फसवणूक

ज्या माणसानं बेळगावात आम्हाला गंडवलं, तो आता निपाणी-संकेश्वर भागात जुन्या रेकॉर्डवाल्यांची दारं वाजवतोय असं कळलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्याचं नाव देत नाही. तपास चालू आहे, आणि आम्हाला सांगितलेलं नाव तरी खरं असेल कशावरून? त्याची रीत मात्र ठरलेली आहे. ती कळली की माणूस आपोआप ओळखू येईल.

माल होता एक एलपी रेकॉर्ड. कव्हरवर अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा फोटो, खाली ‘मुंबई १९५८, हरवलेली मैफल’ असा मजकूर आणि कोपऱ्यात हातानं घातलेला क्रमांक. एकूण तीनशेच प्रती छापल्यात, पुन्हा निघणार नाहीत, असं सांगणं. किंमत साडेसात हजार, सगळी आगाऊ.

आता यातलं खरं किती ते बघा. १९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं ब्रूबेकच्या चौकडीला पोलंडपासून तुर्कस्तान, भारत, सिलोनपर्यंत दौऱ्यावर पाठवलं होतं. सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, ड्रमवर जो मोरेलो, बासवर यूजीन राईट. मुंबईत ते वाजले, आणि सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रूबेकनं वाजवलं, हेही खरं. ‘दुसऱ्या बाजूला सतार आहे’ एवढं तो विकणारा हळूच म्हणाला आणि आमच्यातले शास्त्रीय संगीतवाले तिथंच अर्धे विकले गेले. ज्या जिल्ह्यात सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले, तिथल्या माणसाला जॅझ कळो न कळो, सतार म्हटलं की कान टवकारतात.

टेप सापडल्याची कथाही त्यानं आमच्या गावाला बेतून शिवली होती. मुंबईच्या हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवणारा एक गोव्याचा ख्रिश्चन वादक, त्यानं स्टेजच्या बाजूला स्पूलचं, म्हणजे मोठ्या रिळांवरच्या टेपचं, मशीन ठेवून मैफल टेप केली, म्हातारपणी बेळगावच्या कॅम्पात येऊन राहिला, आणि परवा त्याच्या सुनेनं घर आवरताना पत्र्याची ट्रंक उघडली. यात खटकावं असं काय आहे? चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड असे गोव्याचे वादक मुंबईत जॅझ वाजवत होते आणि हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होते, हे रेकॉर्डवाल्यांना पाठ असतं. चोर्ला घाट उतरला की गोवा. कॅम्पात गोव्याची माणसं आम्ही लहानपणापासून बघतोय.

शिवाय अशा टेपा खरंच सापडतात. जॅझमधले दिग्गज थेलोनियस मंक आणि जॉन कोलट्रेन यांची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली २९ नोव्हेंबर १९५७ ची मैफल व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी रेडिओनं टेप केली होती. ती थेट २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हाती लागली आणि त्याच वर्षी बाजारात आली. मंकनंच १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या एका शाळेत वाजवलं होतं. सोळा वर्षांच्या पोरानं कार्यक्रम ठरवलेला, रेकॉर्डिंग केलं शाळेच्या सफाई कामगारानं. ती रेकॉर्ड निघाली २०२० साली. कोलट्रेनची १९६१ ची न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट क्लबमधली टेप तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. या तिन्ही गोष्टी त्या माणसाला तोंडपाठ होत्या. मोबाइलवर बातम्याही दाखवायचा. फरक एवढाच की त्या खऱ्या रेकॉर्डींबरोबर टेप कुणी केली, आज ती कुठं आहे, कलाकाराच्या वारसांशी कुणी बोललं, हे सगळं छापून येतं. आमच्या कव्हरच्या मागे नुसतं ‘एका खासगी संग्रहातून’.

आमचा गट म्हणजे टिळकवाडी, शहापूर, अनगोळ इथले जुन्या रेकॉर्डी ऐकणारे लोक. माझं ऍम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे बहुतेकांचं येणंजाणं माझ्याकडेच. तो माणूस पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा चांगलं शुद्ध मराठी बोलत होता, मधूनच कोकणी. मूळ स्पूल दाखवा म्हटलं तर एक जुनाट पुठ्ठ्याचा डबा काढला, त्यावर पेन्सिलीनं ‘बॉम्बे ५८’. मशीनवर चढवू का विचारलं, तर म्हणाला, “नको काका, टेप नाजूक झालीय, ऑक्साईड गळतंय.” डब्यातल्या टेपची पाठ काळी, मॅट होती. तसली टेप १९५८ ला नव्हतीच, ती पुष्कळ पुढची. त्या काळच्या ऍसिटेटच्या टेपची स्पूल उजेडात धरली तर आरपार थोडा उजेड दिसतो, जुनी झाली की व्हिनेगरसारखा वास मारते आणि कडकड तुटते. त्यानं डबा दोन मिनिटं दाखवून पिशवीत घातला. फोटो मात्र माझ्याकडे राहिला आणि पुढं तोच कामाला आला.

खरी मेख सीलमध्ये होती. रेकॉर्ड कुरियरनं आली ती कडक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर सोनेरी गोल स्टिकर. लगेच त्याचा फोन. “काका, सील तेवढं फोडू नका हं. फोडलं की निम्मी किंमत गेली. परदेशात सीलबंद प्रतीला तिप्पट भाव येतो, वर्षभर थांबा, मीच गिऱ्हाईक आणतो.” ऐकायला काय, तर व्हॉट्सऍपवर मिनिटभराचा तुकडा पाठवला होता, खरखर आणि टाळ्या. अशानं कपाटात रेकॉर्ड बंद, तोंड बंद, आणि हा तोवर पुढच्या गावात. ते प्लास्टिकही काही परदेशी यंत्रावरचं नव्हे. दुकानदार मिठाईचे खोके गुंडाळतात तेच श्रिंक, गरम हवेचा ब्लोअर मारला की आवळून बसतं.

सील फोडलं ते शहापूरच्या आमच्या तबलजींनी. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी त्यांच्या टर्नटेबलचा बेल्ट बदलायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी सरळ ब्लेड घेतलं. मी म्हटलं, मास्तर, किंमत जाईल. तर म्हणाले, “ऐकायला घेतलीया का पूजेला?”

सुई टेकली. आवाज स्वच्छ, अगदी झकपक. ट्रंकेत साठ-पासष्ट वर्षं पडलेल्या टेपचा असा आवाज येत नाही, हे मला पहिल्या मिनिटात जाणवलं. बाजू संपत आली तशी एक गत सुरू झाली आणि मास्तर मांडीवर मात्रा मोजायला लागले. “हे पाचात वाजवायल्यात की हो! झपताल दोन-तीन जातोय, ह्यांचं तीन-दोन.” आतल्या खोलीतून त्यांचा नातू आला, इंजिनिअरिंगला आहे, इअरफोन कानाचा निघत नाही एरवी. दारातच म्हणाला, “आजोबा, हे टेक फाइव्ह आहे. हे तर सगळ्यांना माहीत असतंय.”

सगळ्यांना नव्हतं, पण असो. टेक फाइव्ह म्हणजे ब्रूबेकच्या चौकडीची सगळ्यात गाजलेली चीज. ती डेझमंडनं रचली १९५९ मध्ये, आणि रेकॉर्ड झाली त्याच वर्षी १ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये. १९५८ च्या मुंबईत ती वाजणार कशी? त्याच बाजूला नऊ मात्रांच्या वजनाची एक चीज होती. ती ब्रूबेकला तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकून सुचली, म्हणजे याच दौऱ्यात. पण रचून तयार झाली तीही १९५९ मध्ये. आणि सतार? दोन्ही बाजू उलटून पालटून ऐकल्या. नाही.

मी घरी येऊन माझी प्रत उघडली, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून. कव्हर तेच, लेबल तेच, आणि वाजतंय भलतंच! मास्तरांच्या रेकॉर्डमधली एकही चीज माझ्यात नाही. एकाच मैफलीच्या एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती, आणि संगीत वेगळं. हसावं का रडावं कळेना, हसलो बहुधा.

उलगडा झाला लेबलापाशी. रेकॉर्डचं लेबल गोंदानं चिकटवत नाहीत. प्रेसमध्ये गरम विनाइलबरोबरच ते दाबलं जातं, त्यामुळे त्याची कड बोटाला लागत नाही. इथं नख घातलं की कड उचलत होती. आमच्याकडच्या पावसाळ्यातल्या ओलीनं गोंद आधीच सुटत आलेला. वाफ देऊन वरचा कागद काढला, खाली छापील जुनं लेबल. आतल्या लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी असते, जिथं गाणं संपून सुई फिरत राहते, तिथं कोरलेला क्रमांक इंटरनेटवर टाकला. युरोपात पुन्हा छापलेला दोन तबकड्यांचा अल्बम निघाला: ब्रूबेकची कार्नेगी हॉलमधली फेब्रुवारी १९६३ ची मैफल. माझ्या तबकडीवर क्रमांकाच्या शेवटी ए आणि बी, मास्तरांच्या तबकडीवर सी आणि डी. गड्यानं एक जोडी विकत घ्यायची, फोडायची आणि दोन गिऱ्हाइकांना वेगवेगळी ‘मुंबई’ विकायची. तसला जोड अल्बम तीन-साडेतीन हजारांत येतो. त्याचे पंधरा हजार.

रेकॉर्ड वाईट नव्हती हो. तीच तर चीड. त्या १९६३ च्या मैफलीचं नाव सांगून विकली असती तर मी आनंदानं घेतली असती.

मग बिल काढून बघितलं. पत्ता मडगावचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९ नं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. आपण तीन राज्यांच्या बेचक्यात राहतो, तेवढे तीन आकडे तरी पाठ ठेवावेत. क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर घातला तर कुणा तिसऱ्याच व्यापाऱ्याचा. पैसे गेलेले यूपीआय खातं आणखी चौथ्याच्या नावावर.

आमच्यातल्या एकानं आदल्याच दिवशी पैसे पाठवले होते. त्याला लगेच १९३० वर फोन लावायला लावला. ही सायबर फसवणुकीची देशभर चालणारी हेल्पलाइन आहे, आणि पैसे पुढं सरकायच्या आत तक्रार पोचली तर रक्कम खात्यात अडकवता येते. त्याची अडकली. आमची, आधी दिलेल्यांची, पुढं कुठल्या कुठं गेली होती. पोलीस ठाण्यात फिर्याद दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे जुनं चारशेवीस. मजकूर कन्नडमध्ये लिहायचा होता, तो शेजारच्या सरांनी बसून लिहून दिला. स्पूलचा फोटो, व्हिडिओ, दोन्ही तबकड्या, कुरियरची पावती, चॅट सगळं जोडलं. “एवढं कागद घेऊन येणारे कमीच,” असं तिथले हवालदार म्हणाले.

विकणारा गोव्याचा, म्हणून आता मडगावला हेलपाटे घालायचे का, असं काही जण विचारत होते. गरज नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमच्यातले तिघे ती तयारी करतायत. माणूसच सापडला नाही तर आयोग तरी वसूल कुणाकडून करणार, हा प्रश्न आहेच. मास्तर यात पडले नाहीत. त्यांनी तबकडीची पोलिसांकडची पोच घेतली आणि नातवाला सांगितलं, ती अख्खी मैफल मोबाइलवर शोधून दे.

परवा निपाणीच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे एक जण आलाय, अमेरिकन जॅझ बँडवाला ड्यूक एलिंग्टन याच्या १९६३ च्या भारत दौऱ्यातली टेप सापडलीय म्हणतो. नऊ हजार, अडीचशेच प्रती, सील फोडायचं नाही. एलिंग्टन १९६३ ला भारतात आला होता, तेही खरंच आहे. मी त्यांना सांगितलं, पैसे आधी देऊ नका, दुकानात बोलवा, त्याच्यासमोर प्लास्टिक काढा, लेबलाच्या कडेवरून नख फिरवा आणि पट्टीवरचा क्रमांक मला फोटो काढून पाठवा. अजून फोटो आलेला नाही. त्या भागात आणखी कुणाकडे असली रेकॉर्ड असेल तर लेबल सोलू नका, क्रमांक आणि यूपीआयची पावती जपून ठेवा आणि आमच्या फिर्यादीत नाव घालायचं असेल तर कळवा.