तीन गाणी, एकच गोष्ट

जुलै २०२० मध्ये, जगभर लोक घरात अडकून पडलेले असताना, टेलर स्विफ्टने आगाऊ गाजावाजा न करता प्रसिद्ध केलेल्या ‘फोकलोर’ या अल्बमचे खरे बळ गोष्ट सांगण्याच्या हातोटीत आहे. ‘कार्डिगन’, ‘ऑगस्ट’ आणि ‘बेटी’ ही गाणी एकाच किशोरवयीन प्रेमत्रिकोणाची हकिगत तिघांच्या तोंडून सांगतात, आणि ती सलग न येता अल्बमभर विखुरलेली असल्यामुळे दुवे जुळवण्याचे काम श्रोत्याकडेच येते. मला त्यांत ‘बेटी’ सर्वांत सरस वाटते. सुरुवातीचा माउथ ऑर्गन, १७ वर्षांच्या मुलाने बेटी नावाच्या मुलीकडे मागितलेली अडखळती माफी, आणि अखेर तो तिच्या पार्टीला जाऊन पोहोचतो तेव्हा गाण्याने अचानक घेतलेली वरची पट्टी! त्याची धडधड शब्दांपेक्षा त्या पट्टीबदलातच अधिक कळते. आरन डेसनरने सहनिर्मिती केलेल्या गाण्यांतील पियानो आणि गिटार आवाजाला झाकोळत नाहीत. त्यामुळे हा अल्बम (शक्यतो रात्री) हेडफोनवरच ऐकावा. मात्र १६ गाण्यांच्या या ऐवजात मधला भाग एकाच संथ लयीत रेंगाळतो, आणि त्यातली दोन गाणी गाळली असती तरी काही बिघडले नसते.