बडी की ब्रिज कोर्स?

कोल्हापूरहून बेळगावला आलेल्या वहिनी विचारत होत्या, इंटरनॅशनल शाळेत लेकीला रुळायला बडी (शाळेनं जोडून दिलेली वर्गातली सोबतीण) मागू का सुट्टीतला ब्रिज कोर्स (नव्या शाळेच्या अभ्यासाची, भाषेची आधीच करून घेतलेली तयारी) लावू. खर्चात बडी फुकट, कोर्सला फी अन् गावातल्या टिळकवाडीपर्यंत रोजची ने-आण. पण टिकतं काय ते बघा, डबा कुणाबरोबर खायचा, बस कुठं लागते हे वर्गातलीच पोरगी दाखवते आणि ती घरी मराठी बोलणारी असली तर पोर पहिल्या आठवड्यात मोकळी होते, मात्र बडी आजारी पडली की एकटी. कन्नडचं वेगळं, कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं सीबीएसई-आयसीएसई शाळांतही ही भाषा सक्तीची आहे, लिपीच नवी, तिथं कोर्सच पाहिजे. बुजऱ्या पोरांना बडी, भाषेत अडणाऱ्यांना कोर्स. वहिनींच्या लेकीला मी आधी बडीच म्हणेन.